'कोणीतरी' आणि 'कोणीही'

इंग्रजीच्या तासाला 'समवन' व 'एनीवन' हे दोन शब्द आले कीं, आमच्या आखाडा बाळापूरच्या मुलांची त्रेधा उडते. दोहोंचा अर्थ 'कोणी' असा तीं पाठ करितात आणि लिहितांना सुचेल तो शब्द घालतात. आमचें मत असें कीं, हा दोष मुलांच्या बुद्धीचा नसून शिकविण्याच्या रीतीचा आहे. हा भेद मुलें घरून शिकूनच शाळेंत येतात. तो त्यांस दाखवून दिला जात नाहीं, इतकेंच.

समजा, एखादे पालक शेतांत हळद काढण्याच्या कामांत गुंतले आहेत. त्यांनीं शाळेंत चिठ्ठी धाडली : 'मुलास नेण्यास कोणीतरी येईल.' म्हणजे येणारा कोणी एक मनुष्य. फक्त त्याचें नांव सांगितलें नाहीं. हाच 'समवन'. पण 'कोणीही आला तरी मुलास पाठवा' असें लिहिलें, तर रस्त्यानें जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातींही मूल सोंपविण्याची मुभा झाली! हा 'एनीवन'. 'तरी' आणि 'ही' या दोन लहान अव्ययांत एवढें अंतर आहे. १९४८ सालापर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यांत होता. तेथील कारभाराच्या उर्दू भाषेंतही 'कोई' आणि 'कोई भी' यांत असाच भेद आहे.

प्रश्नांतही हें दिसतें. 'कोणी आलें होतें का?' असें विचारतांना उत्तर ठाऊक नसतें. तेथें 'एनीवन' घालावें. 'कोणीतरी आलें होतें ना?' यांत होकाराची अपेक्षा असते. तेथें 'समवन' शोभतें. मात्र एके ठिकाणीं मराठी आपणांस फसविते. 'कोणीही आलें नाहीं' हें शब्दशः फिरवून मुलें 'एनीवन डिड नॉट कम' असें लिहितात. इंग्रजींत अशा नकारार्थी वाक्याच्या आरंभीं 'एनीवन' चालत नाहीं. 'नो वन केम' असेंच म्हणावें लागतें.

'समवन' व 'समबडी' यांच्या भेदासाठीं मात्र रात्र जागवूं नये. ते आपल्या 'कोणी' व 'कुणी' यांसारखेच : अर्थ एक, दुसरा किंचित् बोलण्यांतला.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं निघालें. मोरो केशव दामले यांचें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालीं. मराठीला एवढें व्याकरण असतां इंग्रजीच्या तासाला तें बाजूस कां ठेवावें? मातृभाषेंत वेळ घातल्यानें इंग्रजी मागें पडतें, ही समजूत पालकांनीं सोडावी. आणि विद्यार्थीमित्रहो, इंग्रजी शब्द लिहिण्यापूर्वीं आपल्या मनास एकच प्रश्न विचारा : येथें 'तरी' कीं 'ही'? उत्तर मिळालें, म्हणजे मगच लेखणी उचला.