‘उतरली’ म्हणजे गेली असे नाही

दोहाला मुलाकडे निघालेल्या एका काकांनी परवा मला विचारले, “विमानात एक पेग घेतला तर तिथे पोचेपर्यंत तो अंगातून जाईल ना?” मुंबई-दोहा प्रवास सुमारे चार तासांचा. एक लहान पेग बहुधा तेवढ्यात जाईल. पण आपल्याकडे एकावर कोण थांबतो? म्हणून हा हिशेब एकदा नीट समजून घेऊ.

पोटात गेलेली दारू रक्तातून सर्व अंगात पसरते. तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग यकृताला जाळावा लागतो. उरलेला थोडासा श्वास, लघवी आणि घामावाटे जातो. यकृताची चाल ठरलेली असते, तासाला साधारण सात ग्रॅम. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या लहान पेगात सुमारे दहा ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे एका लहान पेगाला जवळजवळ दीड तास लागतो. बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीला साडेतीन तासांहून अधिक. रात्री नऊपासून चार लार्ज घेणाऱ्याच्या रक्तात सकाळी आठलाही थोडी दारू असू शकते. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांनी झोप उडेल, यकृताची चाल मात्र वाढत नाही.

चाचण्यांचेही तसेच. घेतलेल्या प्रमाणानुसार रक्तात आणि श्वासात दारू काही तासांपासून बारा तासांपर्यंत, कधी त्याहून जास्त वेळ सापडते. लघवीतील एक खास तपासणी दारूचा अवशेष दोन-तीन दिवसांनंतरही दाखवू शकते, आणि केसांत तर खूण सुमारे तीन महिने राहते. अल्कोहोल असलेल्या माऊथवॉशने चूळ भरली तर लगेच घेतलेली श्वासाची चाचणीही फसते. तो परिणाम सुमारे पंधरा मिनिटांत ओसरतो.

आपल्या वयात आणखी एक गोष्ट होते. शरीरातले पाणी कमी झालेले असते, त्यामुळे तरुणपणी घेत होतो तोच पेग आता रक्तात जास्त चढतो. मधुमेहाच्या काही औषधांबरोबर साखर अचानक उतरते, झोपेच्या गोळीबरोबर गुंगी वाढते आणि रात्री तोल जाऊन पडण्याची भीती असते. खोकल्याची काही औषधे आणि टॉनिके यांतही अल्कोहोल असते. बाटलीवरचे बारीक अक्षर नातवाकडून वाचून घ्या.

आता कतार. तिथे परवाना असलेल्या हॉटेलांत एकवीस वर्षांवरील माणसाला दारू मिळते, पण बाहेरून बाटली नेता येत नाही. विमानतळावर सामान तपासून ती काढून घेतात. सार्वजनिक जागी पिणे किंवा झिंगलेल्या अवस्थेत फिरणे गुन्हा आहे. गाडी चालवणाऱ्याला तर मुळीच सूट नाही. आपल्याकडे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंत कायदा चालवून घेतो, तिथे तेवढेही नाही. म्हणून घरी आलेल्या पाहुण्यासाठी रात्री उशिरापर्यंत बसलेल्या मुलाने सकाळी गाडी काढू नये. नोकरी आणि व्हिसा दोन्ही पणाला लागतात.

२०२२ च्या विश्वचषकात सामने सुरू होण्याच्या दोन दिवस आधी स्टेडियमबाहेरची बिअर बंद झाली, तेव्हा जगभर कुरकुर झाली. धर्माचा आणि पाहुणचाराचा वाद बाजूला ठेवू. आरोग्याच्या बाजूने पाहिले तर ‘गाडी चालवायची तर शून्य’ हा नियम मला पटतो. ‘किती तासांनी सापडणार नाही’ हा हिशेब माणूस नेहमी स्वतःच्या सोयीने मांडतो. शून्यात हिशेबच नसतो.

“मग तिथे शब्बाथला किद्दुश कसा करायचा?” काकांचा पुढचा प्रश्न. अहो, आपल्या वाडवडिलांना कोकणात द्राक्षाची दारू कुठे मिळत होती? काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेल्या शरबतावर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या किद्दुश केला. पेसाहचे चार पेलेही त्याच शरबताचे. बॅगेत बाटलीऐवजी मनुकांची पुडी ठेवा. शरबत शुक्रवारी ताजे करा, उष्ण हवेत दोन-तीन दिवस ठेवले तर ते आंबते. मधुमेहींनी पेला लहान घ्यावा.

काकांनी मनुका घेतल्या आहेत. विमानात काय मागतील ते मात्र त्यांच्यावर सोपवले आहे.