कोळी, जुना ट्रॅक्टर आणि मुलांच्या हातातला मोबाइल



प्रकल्पवह्या तपासताना एक गोष्ट दरवर्षी खटकते. विषय असतो 'आपल्या परिसरातील कोळी', आणि वहीत चिकटवलेला असतो दक्षिण अमेरिकेतला केसाळ टॅरँटुला. 'शेतीची साधने' म्हटलं की जाहिरातीतला चकचकीत ट्रॅक्टर, मागे कुठलंतरी परदेशी शेत. नेटवरून फोटो, दुकानातून रंगीत प्रिंट, खाली सुवाच्य अक्षर. आपणही गुण देऊन मोकळे होतो. त्याच मुलाच्या पडवीत कोळी जाळं विणत असतो आणि गोठ्यामागे आजोबांचा ट्रॅक्टर गंजत उभा असतो. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

माझं मत सरळ आहे. प्रकल्पातले नेटवरचे फोटो बंद करावेत आणि मुलांना जवळून फोटो काढायला शिकवावं. सुरुवात कोळ्यापासून आणि जुन्या ट्रॅक्टरपासून करावी. जोडी विचित्र वाटेल. पण दोन्ही गावात फुकट आहेत, दोन्ही एका जागी थांबतात, आणि मुख्य म्हणजे दोन्ही आपल्याला माहीतच आहेत असं मुलांना वाटत असतं.

कोळ्याला किती डोळे, असं वर्गात विचारून बघा. बहुतेक मुलं 'दोन' म्हणतात. आता भिंतीवर टुणटुण उड्या मारणाऱ्या छोट्या कोळ्याचा समोरून जवळचा फोटो काढायला लावा. पुढे दोन मोठे, मोटारीच्या दिव्यासारखे डोळे, बाजूला दोन छोटे आणि उरलेले चार डोक्याच्या वरच्या बाजूला. आठ झाले. हे पुस्तकात लिहिलेलं वाचणं वेगळं आणि स्वतःच्या फोटोत बोट ठेवून मोजणं वेगळं. हा कोळी सावज पकडायला जाळं विणत नाही, झडप घालतो. उडी मारण्याआधी धाग्याचं एक टोक भिंतीला चिकटवून ठेवतो, म्हणजे चुकून पडला तरी लटकून राहतो. चांगल्या उजेडात काढलेल्या फोटोत तो धागासुद्धा दिसतो.

अशाच एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला 2021 मध्ये 'आयसियस तुकारामी' हे नाव मिळालं. 26/11 च्या रात्री कसाबला पकडताना हुतात्मा झालेले तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. तो कोळी सापडला ठाणे जिल्ह्यात, कुठल्या दुर्गम जंगलात नव्हे. नवीन जाती शोधायला शास्त्रज्ञ लागतात हे खरंच. पण परिसरात काय काय आहे हे बघायला आधी कुणाचीतरी नजर लागते.

यात शेतीचाही प्रश्न आहे. भाताच्या खाचरात जमिनीलगत पळणारे लांडगा कोळी तपकिरी तुडतुडे खातात. या कोळ्याची मादी अंड्यांची पिशवी पोटाच्या टोकाला चिकटवून फिरते आणि पिल्लं बाहेर आली की ती पाठीवर घेऊन हिंडते. पाठीवर पिल्लांचा ढीग असलेल्या कोळिणीचा फोटो ज्या मुलाने स्वतः काढला, तो मोठेपणी फवारणीचा पंप पाठीला लावण्याआधी बांधावरून एकदा तरी खाचराकडे निरखून बघेल, असं मला वाटतं.

आता ट्रॅक्टर. पूर्ण ट्रॅक्टरचा फोटो सगळेच काढतात, शेजारी कुणीतरी उभं राहून. त्यातून कळत काहीच नाही. जवळ जा. बॉनेटवरची पत्र्याची अक्षरं, इंजिनवरची नंबरची पट्टी, निळ्या रंगाखालून डोकावणारा जुना लाल रंग, क्लचच्या पॅडलवर घासून गुळगुळीत झालेला भाग, सीटला मारलेलं वेल्डिंग. एकेक फोटो म्हणजे एकेक प्रश्न. हे वेल्डिंग कधी केलं? रंग का बदलला? मग पोराला आजोबांकडे जावंच लागतं आणि आजोबा तासभर सोडत नाहीत!

एखाद्या जुन्या बॉनेटवर 'एचएमटी'च्या जोडीला 'झेटॉर' असं नाव सापडतं. झेटॉर ही चेकोस्लोव्हाकियातल्या बर्नो शहरातली कंपनी. तिच्या सहकार्याने एचएमटीने 1971 मध्ये हरियाणातल्या पिंजोरला ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. पुढे 1993 मध्ये चेकोस्लोव्हाकिया हा देश नकाशावरून गेला. 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला. देश गेला, कारखाना गेला आणि ट्रॅक्टर आपल्या गोठ्यामागे उभा! इतिहास आणि भूगोलाचे चार तास त्या पत्र्याच्या पट्टीवर सहज घेता येतील. जुन्या आयशरच्या इंजिनावर पातळ पातळ पंख्यांसारख्या कडा दिसतात. ते इंजिन पाण्याने नाही, हवेने थंड होणारं. पृष्ठफळ वाढलं की उष्णता लवकर बाहेर पडते, हा विज्ञानाचा धडा तिथे लोखंडात ओतलेला आहे.

साहित्यावरून अडू नका. मोबाइलवर लावायची चिमट्याची भिंगं मिळतात, पण प्रयोगशाळेतलं साधं बहिर्वक्र भिंग कॅमेऱ्यासमोर धरलं तरी काम भागतं. दहावीच्या भिंगांच्या धड्याचं प्रात्यक्षिकही त्यातच होऊन जातं. इतक्या जवळून फोटो काढताना फार थोडा भाग स्पष्ट येतो. डोळे साधले तर पाय धूसर होतात. म्हणून हात टेकवून, श्वास रोखून दहा-बारा फोटो काढावे लागतात. सकाळचं तिरपं ऊन सर्वांत चांगलं. त्यात जाळ्यावरचं दवही दिसतं आणि गंजाचे पापुद्रेही. फ्लॅश मात्र बंदच ठेवावा, पत्र्यावर नुसता पांढरा डाग पडतो.

काही शिक्षक म्हणतील, आधीच पोरं मोबाइल सोडत नाहीत, त्यात तुम्ही आणखी हातात द्या. मान्य. पण मोबाइल घरोघरी पोचलेलाच आहे. प्रश्न त्याचा उपयोग काय, एवढाच उरतो. चार मुलांत पालकांचा एक मोबाइल पुरतो, उलट गटात पाळ्या लावल्याने एक जण फोटो काढतो आणि तिघं बघतात. ते तिघंच जास्त शिकतात, असा माझा अनुभव आहे.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसतो. हौशी लोकांत अशी एक पद्धत आहे की कोळी हलू नये म्हणून त्याला थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवायचं, मग पानावर मांडून फोटो काढायचा. फोटो देखणा येतो, पण तो खोटा असतो. कोळी तिथे तसा बसलेलाच नव्हता. मुलांनी कोळ्याला हात लावायचा नाही, जाळं मोडायचं नाही, डबीत भरायचा नाही. पळाला तर पळाला, तसं वहीत लिहायचं. ट्रॅक्टरच्या बाबतीतही फोटोसाठी धूळ पुसायची नाही. आणि त्याच्याखाली हात घालायचा नाही, विंचू-साप असतात. हे पुन्हा पुन्हा सांगावं.

गुण फोटोच्या सुंदरतेला देऊ नयेत. फोटोखाली तारीख, वेळ, जागा आणि स्वतः पाहिलेली एक गोष्ट लिहिलेली असेल तर पूर्ण गुण. आमच्या आठवीतल्या एका मुलीने रेडिएटरच्या जाळीत राहणाऱ्या कोळ्याचा धूसर फोटो आणला. खाली लिहिलं होतं, 'ट्रॅक्टर तीन वर्षं सुरू झालेला नाही, म्हणून याचं घर टिकलं.' तिला मी दहापैकी दहा दिले.

कोळ्यांची घाई नाही. पाऊस ओसरताना, भाद्रपद-आश्विनात बांधावर, कुंपणावर मोठाली जाळी भरपूर दिसतील. ट्रॅक्टरचे फोटो मात्र याच महिन्यात घ्या. भंगारवाल्याची गाडी गावोगावी फिरतेय.