एकविसाव्या वर्षी फार उशीर होतो



सरकारी योजनांच्या पैशाने घरे बिघडतात, असे सांगणारे एका वाचकाचे पत्र आपण गेल्या आठवड्यात छापले. त्यातले एक वाक्य मनातून जाता जात नाही: तरण्या पोरींच्या हातात पैसा आला की पाऊल घसरते. आठवडाभर वाट पाहिली, पण कोणी हरकत घेतली नाही. लाडकी बहीण योजनेतल्या पंधराशेचे एकवीसशे कधी होणार आणि छाननीत कोणाचे नाव गळले, यातच सगळे गुंतलेले. म्हणून हे पत्र.

पोरीचे पाऊल घसरते ते हात रिकामा असतो तेव्हा, आणि याला पुरावा आहे. आफ्रिकेतल्या मलावी देशात, झोम्बा जिल्ह्यात, २००८-०९ मध्ये अविवाहित शाळकरी मुलींच्या घरी दरमहा पैसे दिले गेले. आईबापांना चार ते दहा डॉलर आणि मुलीच्या स्वतःच्या हातात एक ते पाच डॉलर. दीड वर्षाने रक्त तपासले. पैसे न मिळालेल्या मुलींत शंभरामागे तिघींना एचआयव्हीची लागण होती, मिळालेल्यांत १.२. ‘लॅन्सेट’ने २०१२ मध्ये हे निष्कर्ष छापले. पैसे मिळणाऱ्या मुलींचे पंचविशीपुढच्या पुरुषांशी संबंधही कमी आढळले. साबणासाठी, वहीसाठी जिला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही, तिला नाही म्हणता येते. संस्कारांच्या गप्पा मारणाऱ्यांनी तीन आणि १.२ हे दोन आकडे आधी पाठ करावेत.

त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट आपल्याला जास्त लागू आहे. शाळा आधीच सुटलेल्या मुलींचाही एक गट त्यात होता; त्यांना पैसे देऊनही लागणीत फरक पडला नाही. म्हणजे पैसा शाळा सुटण्याआधी पोचला पाहिजे. आता आपल्या महाराष्ट्राकडे बघा. लाडकी बहीण सुरू होते एकविसाव्या वर्षी. ‘लेक लाडकी’ योजना आहे, पण १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी. अकरावीचे आठ हजार घेणारी पहिली मुलगी २०३९ च्या आसपास दिसणार. शेवटचे ७५ हजार मिळणार अठरा पूर्ण झाल्यावर, एकरकमी, म्हणजे ज्या वयात घरात लग्नाची बोलणी चालू असतात नेमके तेव्हा. मग आज नववी-दहावीत असलेल्या मुलीच्या हातात दरमहा काय? फी माफ असेल, एसटीचा पासही मिळत असेल. पण पॅड, वह्या, मोबाइलचा रिचार्ज यांचे काय? सगळ्यात नाजूक वयाची पोर दोन्ही योजनांच्या मधल्या फटीत पडली आहे.

मी तीस वर्षे चेन्नईतल्या वेस्ट मांबलममध्ये राहते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी बारावी झाली, तेव्हा नात्यातले स्थळ सांगून आले होते. मुलगा तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा. लग्न नाही तर रंगनाथन स्ट्रीटवरच्या कापड दुकानात दिवसभर उभे राहायचे, एवढेच तिच्यापुढे होते. त्याच सुमारास आईच्या खात्यात तमिळनाडू सरकारच्या मगळिर उरिमै तोगै योजनेचे हजार रुपये यायला लागले आणि कॉलेजात नाव घातल्यावर पुदुमै पेण्ण योजनेचे हजार थेट मुलीच्या खात्यात. महिन्याचे पैसे जमा झाले की बाई भांड्यांना हात लावण्याआधी फोन माझ्यापुढे धरतात, कारण बँकेचा मेसेज इंग्रजीत असतो. स्थळाचे काय केलेत, असे मी विचारले, तर म्हणाल्या, “अव पडिक्कट्टुम.” शिकू दे तिला. पोर आता बी.कॉम.ला आहे, हिशोबाची वही स्वतः ठेवते. पाऊल घसरलेले मला तरी दिसले नाही.

तमिळनाडूने २०२२ मध्ये एक शहाणपणाची गोष्ट केली. मुलीच्या लग्नासाठी सोने आणि रोख देणारी जुनी योजना बदलून तोच पैसा दरमहा शिक्षणाला लावला. मांडवातला पैसा कॉलेजात नेला. तोही बारावीनंतरच मिळतो, ही त्यातली उणीव आहेच. तो नववीपासून द्यायला हवा.

कोणी म्हणेल, मलावी कुठे आणि आपण कुठे. तिथे साथ मोठी होती, आपल्याकडे प्रौढांत प्रमाण ०.२ टक्के आहे, हे खरे. पण देशात सर्वाधिक एचआयव्हीबाधित महाराष्ट्रात आहेत, आणि आपल्याकडे बहुतेक बायकांना ही लागण नवऱ्याकडून झाली. बीड जिल्ह्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विशीतल्या शंभरातल्या चाळीसहून जास्त जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. ऊसतोडीला निघायच्या आधी उरकलेल्या त्या लग्नांत पोरीला नवऱ्याची रक्ततपासणी मागता येते का? दक्षिण आफ्रिकेतल्या अशाच प्रयोगात पैशाने लागण कमी झाली नाही, हेही मला ठाऊक आहे. पण तिथे पैसे न मिळालेल्या मुलीही जवळजवळ सगळ्या शाळेत जातच होत्या. आणि जी शाळेत टिकली तिचा धोका कमीच निघाला. गाडी पुन्हा शाळेवरच येते.

ज्या चेन्नईतून मी हे लिहिते, तिथेच १९८६ मध्ये देशातले पहिले एचआयव्हीबाधित सापडले. ते शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी ज्यांचे रक्त तपासले, त्या सरकारी सुधारगृहातल्या बायका होत्या. त्यांच्या हातात पंधराव्या वर्षी दरमहा चार पैसे पडले असते तर त्या तिथे असत्या का, हे स्वतःला विचारून पाहा.

जाता जाता आणखी एक. किशोरवयीन मुलांना लैंगिक शिक्षणाचे धडे देण्यावर महाराष्ट्राने २००७ मध्ये बंदी घातली होती. आज देशातल्या पाचांपैकी जेमतेम एका बाईला एचआयव्हीची पुरेशी माहिती आहे. पोरीला पैसा द्यायचा नाही, माहितीही द्यायची नाही आणि वर तिच्या पावलावर नजर ठेवायची, ही कुठली रीत?

दहा वर्षांवरील मुलीला बँकेत स्वतःचे खाते चालवता येते. बँकेत नोकरी करताना अशी खाती मी स्वतः उघडून दिली आहेत. तेव्हा एकवीसशेचा वाद मिटवताना वाढीव सहाशे बहिणीऐवजी तिच्या नववीतल्या मुलीच्या खात्यात घाला. आई नाही म्हणणार नाही.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, वेस्ट मांबलम, चेन्नई