मोगलीला इंजिनिअर कोणी केलं?

आमच्या ऑफिसात एकदा ट्रेनिंगमध्ये ‘द जंगल बुक’मधला एक सीन दाखवला. २०१६चा सिनेमा, जॉन फॅव्रोचा. खड्ड्यात अडकलेल्या हत्तीच्या पिल्लाला मोगली दोरांनी बाहेर काढतो, तो सीन. दिवे लागले आणि ट्रेनर म्हणाला, “याला म्हणतात प्रॉब्लेम सॉल्व्हिंग!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण तेव्हापासून हा सिनेमा मला खुपतोय.

आधी श्रेय देऊन टाकतो. लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत नील सेठी नावाचा एक पोरगा धावतोय आणि त्याच्याभोवतीचं जंगल, वाघ, अस्वल सगळं कॉम्प्युटरवर तयार झालंय. व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. हिंदी डबिंगमध्ये शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज आहे, तो ऐकून आजही काटा येतो. माझं भांडण गोष्टीशी आहे.

सिनेमातला मोगली दोर वळतो, अवजारं बनवतो, मध काढून देतो. सुरुवातीला बगीरा त्याच्या या क्लृप्त्यांना नावं ठेवतो. शेवटी त्याच क्लृप्त्या शेरखानला संपवतात, हत्ती मोगलीच्या सांगण्यावरून नदीचं पाणी वळवतात, आग विझते आणि मोगली जंगलातच सुखाने राहतो. म्हणजे काय, तर पोरगा उपयोगी निघाला म्हणून आपला झाला. माझ्यासारख्या इंजिनिअरला हे ऐकायला गोड वाटतं. आमची सगळी खुशामतच आहे ती.

आता किपलिंगचं १८९४चं पुस्तक उघडा. तिथेही मोगली उपयोगी आहेच. लांडग्यांच्या पायात रुतलेले काटे तो काढून देतो. आणि तरीही तरुण लांडगे त्याच्यावर उलटतात. बगीरा त्याला कारणही सांगतो. तू शहाणा आहेस, तू त्यांचे काटे काढलेस, तुझ्या नजरेला नजर देणं त्यांना जमत नाही, म्हणून ते तुझा द्वेष करतात. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

कळपाने हाकलल्यावर मोगली गावात जातो. मेसुआ नावाची बाई त्याला आपला हरवलेला मुलगा समजून घरात घेते. तो म्हशी राखायला लागतो. त्याच म्हशींचा कळप घळीत दोन्ही बाजूंनी सोडून तो शेरखानला मारतो. गावाच्या डोक्यावरचं संकट गेलं, मग सत्कार व्हायला हवा ना? गाव त्याला चेटक्या ठरवून दगड मारतं. नंतर लांडगे म्हणतात, परत ये. मोगली नकार देतो. दोन्हीकडून हाकललेला तो आता एकटा शिकार करणार असतो.

सिनेमाने हे गावच काढून टाकलं. लांबून दिसणारी आग आणि सावल्यांसारखी माणसं, एवढंच उरलं. मेसुआ नाही, दगड नाहीत. त्यामुळे मोगलीला कुठला पेचही उरला नाही. डिस्नेच्याच १९६७च्या कार्टूनमध्ये निदान तो शेवटी गावात तरी जातो.

मला हे एवढं लागायचं कारण सांगतो. मी भंडाऱ्याचा. किपलिंगच्या गोष्टीतली वैनगंगा शिवनीकडून वाहत आमच्याकडेच येते. पुण्यात मला आजही “नागपूरचा ना तू?” असं विचारतात, कारण नागपूरच्या पलीकडे काही आहे हे त्यांच्या गावीच नाही. सुट्टीत घरी गेलो की मित्र म्हणतात, “पुण्याचा झाला बे पोट्टा.” कंपनीत तीन वर्षं रात्री-अपरात्री सगळ्यांचे बग मी सोडवले. एका शुक्रवारी दुपारी पंधरा मिनिटांचा कॉल झाला आणि संध्याकाळी माझा लॅपटॉप लॉक होता. काटे काढून दिल्याने कळप आपला होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मोगलीला दहा-अकराव्या वर्षीच कळलं होतं.

“लहान मुलांचा सिनेमा आहे, एवढं दुःख कशाला?” असं कोणीतरी म्हणेलच. अहो, पुस्तकही मुलांसाठीच होतं! आणि वर्ग बदललेल्या, शाळा बदललेल्या, क्रिकेटमध्ये कोणीच टीममध्ये न घेतलेल्या पोराला हे दुःख आधीच माहीत असतं. त्याला ‘काहीतरी करून दाखव, मग घेतील’ असं शिकवणं ही फसवणूक आहे. किपलिंग साम्राज्यवादी होता, त्यावर हवं तेवढं बोलू. पण या बाबतीत तो मुलांशी खोटं बोलला नाही. मोगलीच्या सोबतीला अकेला आणि ते चार लांडगे भाऊ शेवटपर्यंत उरतात. ते काही त्याने कुठली अवजारं बनवून दिली म्हणून थांबलेले नसतात.

घरात दहा-बारा वर्षांचं पोर असेल तर सिनेमा जरूर दाखवा. फक्त त्यानंतर शेरखान मरतो ती मूळ गोष्ट त्याला वाचून दाखवा, दगड मारणाऱ्या गावासकट.