विश्लेषण : ठिपक्यांची चित्रे की जमिनीचा सातबारा? ऑस्ट्रेलियातील आदिवासी कलेचा वाद काय आहे?

लंडनच्या ‘टेट मॉडर्न’ या कलासंग्रहालयात जुलै २०२५ ते जानेवारी २०२६ या काळात एमिली काम उंग्वारे या ऑस्ट्रेलियन आदिवासी चित्रकर्तीचे मोठे प्रदर्शन भरले होते. सत्तरी उलटल्यावर कॅनव्हासवर रंगवू लागलेल्या एमिली यांचे निधन १९९६ मध्ये झाले. आज त्यांची चित्रे कोट्यवधींना विकली जातात. दुसरीकडे सिडनी-मेलबर्नच्या दुकानांत मग, टी-शर्ट आणि बूमरँगवर तसेच ठिपके दिसतात. त्यातल्या बहुतेक वस्तूंशी कोणत्याही आदिवासी कलावंताचा संबंध नसतो. हे ठिपके नेमके आले कुठून आणि त्यांच्या नकलेने एवढा वाद का होतो?

ही कला खरोखर हजारो वर्षे जुनी आहे का?

याचे उत्तर ‘हो’ही आहे आणि ‘नाही’ही. चित्रांतल्या खुणा आणि त्यामागच्या कथा अतिशय जुन्या आहेत. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील आदिवासी विधींच्या वेळी अंगावर, ढालींवर, खडकांवर आणि जमिनीवर या आकृत्या काढत. त्यासाठी तांबडा-पिवळा गेरू, पांढरी माती, कोळसा, वनस्पतींचा कापसासारखा भुगा आणि पक्ष्यांची पिसे वापरली जात. विधी संपला की आकृती पुसली जाई. ती टिकवण्यासाठी नव्हतीच.

कॅनव्हासवर किंवा फळीवर अ‍ॅक्रिलिक रंगांनी काढलेले ‘डॉट पेंटिंग’ मात्र अवघ्या पन्नास-पंचावन्न वर्षांचे आहे. शिवाय हे ठिपके साऱ्या ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे नाहीत. उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमध्ये झाडाच्या सालीवर बारीक आडव्या-तिरप्या रेषांची जाळी काढतात, तर वायव्येकडच्या किम्बर्लीत गेरूचे मोठे, सपाट आकार दिसतात. ठिपक्यांची शैली मुख्यतः मध्य आणि पश्चिम वाळवंटाची आहे.

पापुन्यात १९७१ मध्ये काय घडले?

अ‍ॅलिस स्प्रिंग्ज या शहरापासून सुमारे २४० किलोमीटरवर पापुन्या ही सरकारी वसाहत होती. आदिवासींना ‘मुख्य प्रवाहात’ आणण्याच्या धोरणाखाली पिंटुपी, लुरिचा, वार्लपिरी, अन्मात्येर अशा वेगवेगळ्या भाषा बोलणारे लोक तिथे एकत्र आणून ठेवले गेले. अनेकांची मूळ जमीन शेकडो किलोमीटर दूर होती. आजारपण, बेकारी आणि आपसातले तंटे यांनी वसाहत ग्रासलेली होती.

१९७१ च्या सुरुवातीला जेफ्री बार्डन हे सिडनीचे तरुण कलाशिक्षक तिथल्या शाळेत रुजू झाले. मुले वाळूत बोटांनी खुणा काढत गोष्टी सांगतात, हे त्यांच्या लक्षात आले. त्याच खुणा कागदावर काढायला त्यांनी मुलांना सांगितले. पण या आकृत्या काढण्याचा अधिकार मुलांचा नव्हता, तो जाणत्यांचा होता. त्यामुळे वसाहतीतील वडीलधारी मंडळीच पुढे आली आणि कापा जाम्पिजिन्पा यांच्या पुढाकाराने त्यांनी शाळेच्या भिंतीवर मध साठवणाऱ्या मुंगीची कथा रंगवली. पापुन्या हे याच ‘हनी अँट’च्या कथेतले ठिकाण आहे. सरकारी शाळेच्या भिंतीवर आदिवासींची स्वतःची कथा येणे ही तेव्हा मोठी गोष्ट होती. काही वर्षांतच शाळेची रंगरंगोटी करताना ते भित्तिचित्र झाकले गेले.

मात्र तोवर पुरुष मिळेल त्या फळीवर, टाकाऊ हार्डबोर्डवर रंगवू लागले होते. ऑगस्ट १९७१ मध्ये कापा यांच्या चित्राला अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या एका कलास्पर्धेत विभागून पहिले पारितोषिक मिळाले. १९७२ मध्ये ‘पापुन्या तुला आर्टिस्ट्स’ ही कंपनी उभी राहिली. तिचे मालक चित्रकारच होते.

या चित्रांत नेमके काय असते?

वरवर पाहता ही अमूर्त नक्षी वाटते. प्रत्यक्षात तो वरून पाहिलेला प्रदेश असतो. एकात एक वर्तुळे म्हणजे पाणवठा, मुक्कामाची जागा किंवा पवित्र स्थळ. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी खूण म्हणजे जमिनीवर बसलेला माणूस. कारण मांडी घालून बसलेल्याचा वाळूत तसाच ठसा उमटतो. सरळ वा नागमोडी रेषा म्हणजे वाट किंवा वाहते पाणी, तर बाणासारख्या खुणा म्हणजे एमू पक्ष्याची पावले. एकाच खुणेचे अर्थ कथेनुसार आणि ऐकणाऱ्याच्या अधिकारानुसार बदलतात.

यामागे जी संकल्पना आहे तिला वार्लपिरी भाषेत ‘जुकुरपा’ म्हणतात. इंग्रजीत तिचे ‘ड्रीमिंग’ असे भाषांतर झाले आणि गैरसमज वाढला. जुकुरपाचा स्वप्नाशी फारसा संबंध नाही. पूर्वजांनी प्रवास करत डोंगर, पाणवठे, प्राणी आणि माणसांचे नियम घडवले. ती निर्मिती संपलेली नाही, ती आजही जमिनीत आहे, असा हा विश्वास. सृष्टीची कथा, भूगोल, नातेसंबंध आणि कायदा हे सारे त्यात एकत्र येते.

म्हणून कोणीही कोणतीही कथा रंगवू शकत नाही. वार्लपिरींमध्ये एखाद्या स्थळाचा हक्क वडिलांकडून आलेल्यांना ‘किर्दा’, तर आईकडून नाते असलेल्यांना ‘कुर्दुंगुर्लू’ म्हणतात. किर्दा हे धनी असतात आणि कुर्दुंगुर्लू हे राखणदार. विधी किंवा चित्र नियमाप्रमाणे होते आहे ना, हे राखणदार पाहतात. ‘जापालजारी’, ‘जाम्पिजिन्पा’ अशी जी नावे चित्रकारांच्या नावापुढे दिसतात, तीही आडनावे नसून याच नातेव्यवस्थेतली स्थाने आहेत.

मग ठिपके कशासाठी आले?

याची एकाहून अधिक उत्तरे दिली जातात. एक म्हणजे, विधींसाठी जमिनीवर काढलेल्या आकृत्यांभोवती भुग्याचे ठिपके भरण्याची पद्धत होतीच. ती फळीवर आली. दुसरे, दाट ठिपक्यांमुळे चित्र डोळ्यांपुढे लखलखते आणि ती लखलख पूर्वजांच्या शक्तीची खूण मानली जाते.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. सुरुवातीच्या काही फळ्यांवर चित्रकारांनी दीक्षा घेतलेल्या पुरुषांनीच पाहायच्या वस्तू आणि विधी उघडपणे रंगवले होते. ही चित्रे शहरांत विकली जाऊन परक्यांच्या, बायकांच्या आणि मुलांच्याही नजरेस पडू लागली, तेव्हा शेजारच्या आदिवासी समूहांनी तीव्र आक्षेप घेतला. त्यानंतर चित्रकारांनी गुप्त आकृत्या वगळल्या किंवा ठिपक्यांच्या पडद्याआड नेल्या. अर्थात प्रत्येक ठिपक्याआड गुपित असते असे नाही. पण जगाला काय दाखवायचे आणि काय राखून ठेवायचे, हा निर्णय चित्रकारांनी स्वतःकडे ठेवला. सुरुवातीच्या त्या फळ्यांपैकी काही आजही ऑस्ट्रेलियातील संग्रहालये खुलेपणाने मांडत नाहीत.

चित्र जमिनीचा पुरावा कसे ठरले?

चित्रकारासाठी स्थळाची कथा रंगवणे म्हणजे ‘ही जमीन आमची आहे आणि तिची जबाबदारी आमच्यावर आहे’ असे सांगणे. याचा सर्वांत ठळक दाखला पश्चिम ऑस्ट्रेलियातील ग्रेट सँडी वाळवंटाचा आहे. तिथल्या आदिवासींनी जमिनीवर दावा केला होता, पण सुनावणीच्या इंग्रजीत आपला हक्क सिद्ध करणे त्यांना अवघड जात होते. १९९७ मध्ये चाळीसहून अधिक जणांनी मिळून सुमारे आठ बाय दहा मीटरचा एक कॅनव्हास रंगवला. ‘न्गुरारा’ नावाचा हा कॅनव्हास लवादापुढे जमिनीवर अंथरला गेला. ज्याचा जो पाणवठा, तो तिथे उभा राहून आपल्या भाषेत साक्ष देत गेला. त्याची शैली पापुन्याहून वेगळी होती, पण तत्त्व तेच. २००७ मध्ये सुमारे ७६ हजार चौरस किलोमीटर जमिनीवरचा त्यांचा हक्क मान्य झाला. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या जवळपास एक चतुर्थांश आहे.

चित्रांनी जीवही वाचवले. किंटोर आणि किविरकुरा या दुर्गम वस्त्यांतील मूत्रपिंडाच्या रुग्णांना डायलिसिससाठी घर सोडून अ‍ॅलिस स्प्रिंग्जला राहावे लागत असे. २००० मध्ये पापुन्या तुलाच्या चित्रकारांनी मोठे कॅनव्हास रंगवून सिडनीत लिलावाला दिले. त्यातून दहा लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर जमले आणि पुढे किंटोरमध्येच डायलिसिस सुरू झाले. ‘पर्पल हाऊस’ या नावाने ती संस्था आज अनेक वस्त्यांत काम करते.

बाजारातला पैसा कोणाला मिळाला?

बराच काळ तो चित्रकारांना मिळालाच नाही. क्लिफर्ड पॉसम जापालजारी यांचे १९७७ मधील ‘वार्लुगुलाँग’ हे चित्र एका बँकेने १,२०० ऑस्ट्रेलियन डॉलरना घेतले होते. २००७ मध्ये ते २४ लाख डॉलरना विकले गेले आणि राष्ट्रीय कलादालनात गेले. जॉनी वारंगकुला जुपुरुला यांचे १९७२ मधील पाण्याच्या कथेचे चित्र मूळ १५० डॉलरना गेले होते. १९९७ च्या लिलावात त्याला दोन लाखांहून अधिक मिळाले. ते तेव्हा हयात होते, पण त्या रकमेतला एकही डॉलर मिळण्याचा कायदेशीर हक्क त्यांना नव्हता.

अशा उदाहरणांनंतर २०१० मध्ये पुनर्विक्री मानधनाची योजना लागू झाली. योजनेच्या निकषांत बसणारे चित्र एक हजार डॉलर किंवा अधिक किमतीला पुन्हा विकले गेल्यास पाच टक्के रक्कम चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना मिळते.

नकलेचा प्रश्न किती गंभीर आहे?

ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने २०२२ च्या अहवालात आदिवासी कला आणि वस्तूंची बाजारपेठ २०१९-२० मध्ये सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची असल्याचे म्हटले. त्याच अहवालानुसार स्मृतिचिन्हांच्या बाजारातील निम्म्याहून अधिक माल आदिवासींनी बनवलेला किंवा त्यांच्या परवानगीने बनलेला नसतो. २०१९ मध्ये ‘बिरुबी आर्ट’ या कंपनीला संघीय न्यायालयाने २३ लाख डॉलरचा दंड ठोठावला. इंडोनेशियात बनलेली बूमरँग आणि इतर वस्तू ही कंपनी आदिवासींनी रंगवल्याचा आभास निर्माण करून विकत होती. अशा १८ हजारांहून अधिक वस्तू विकल्या गेल्या होत्या. मात्र तोवर कंपनी दिवाळखोरीत गेल्याने दंड वसूल होण्याची आशा फारशी नव्हती.

पैशांपलीकडचे नुकसान न्यायालयाने १९९४ मध्येच मान्य केले होते. आदिवासी चित्रे विनापरवाना छापलेले, व्हिएतनाममध्ये विणलेले गालिचे तेव्हा विकले जात होते. पवित्र कथेवर लोकांनी पाय ठेवून चालणे चित्रकारांना असह्य होते. शिवाय ती बाहेर कशी गेली, याचा जाब त्यांना स्वतःच्या समाजात द्यावा लागणार होता. भरपाई ठरवताना न्यायालयाने ही मानहानी विचारात घेतली.

कायदा अपुरा का पडतो, आणि पुढे काय?

कॉपीराइट कायदा व्यक्ती ओळखतो, समूह नाही. विशिष्ट चित्राची हुबेहूब नक्कल गुन्हा ठरते, पण ‘त्या शैलीतले’ ठिपके कोणीही काढू शकतो. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षांनी कॉपीराइट संपतो, जुकुरपा मात्र संपत नाही. १९९८ च्या एका खटल्यात न्यायालयाने चित्रकारावर आपल्या समूहाप्रति विश्वस्ताची जबाबदारी असते हे मान्य केले, पण समूहाला कॉपीराइटचा मालक मानण्यास नकार दिला.

उत्पादकता आयोगाने दोन उपाय सुचवले. अस्सल नसलेल्या वस्तूंवर तसे स्पष्ट लेबल सक्तीचे करावे आणि समूहांच्या पारंपरिक ज्ञानाला व सांस्कृतिक वारशाला संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा करावा. अशा कायद्याचे आश्वासन सरकारने जानेवारी २०२३ मधील राष्ट्रीय सांस्कृतिक धोरणात दिले. त्यातील प्रश्न सोपे नाहीत. एखाद्या कथेचे धनी कोण हे कोण ठरवणार? एकाच पूर्वजाची वाट अनेक समूहांच्या प्रदेशांतून जात असेल तर परवानगी कोणाची घ्यायची? वाळवंटातल्या समाजांकडे याची उत्तरे आहेत. किर्दा आणि कुर्दुंगुर्लू ही व्यवस्था त्यासाठीच आहे. ती कायद्याच्या भाषेत कशी आणायची, हे संसदेला ठरवावे लागेल.

तोवर ग्राहकाच्या हाती एक साधी कसोटी आहे. चित्रकाराचे नाव, त्याचा समूह, कथा आणि चित्र कोणत्या कलाकेंद्रातून आले, ही माहिती अस्सल चित्रासोबत दिलेली असते. नकली बूमरँगवर ठिपके असतात. त्यांचा धनी कोण, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते.