शंभर वर्षांचा पूर, वीस वर्षांचे कर्ज

मुंबईत तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त होणारे महाड-पोलादपूरचे अनेक चाकरमानी वाडीवरच्या घराऐवजी तालुक्याच्या गावी फ्लॅट बघतात. दवाखाना, बाजार, एसटी स्टँड हाकेच्या अंतरावर आणि हवा विरार-बदलापूरपेक्षा बरी. चौरस फुटाचा भाव, पार्किंग, सोसायटीचा खर्च, सगळी चौकशी होते. जुलैत इथे पाणी कुठवर चढते, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

महाड सावित्री आणि गांधारीच्या काठी वसले आहे. सावित्रीचा उगम महाबळेश्वरचा. तिथे जुलै २०२१ मध्ये चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस कोसळला. एवढे पाणी काही तासांत सह्याद्री उतरून सपाटीला लागते. त्याच वेळी बाणकोटच्या खाडीला भरती असली, तर पुढची वाट अडते आणि पाणी शहरात तुंबते. २००५ मध्ये बाजारपेठ बुडाली, २०२१ मध्ये पुन्हा बुडाली.

‘असा पूर शंभर वर्षांतून एकदा येतो’ ही दलालांची आवडती समजूत. पूररेषेच्या नकाशावर निळी रेषा पंचवीस वर्षांच्या आणि लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची असते, हे खरे. पण ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता. यंदा येऊन गेला म्हणून तो पुढची ९९ वर्षे रजेवर जात नाही. लाल रेषेच्या अगदी कडेवरच्या घरात वीस वर्षांचे कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता सुमारे १८ टक्के असते. निळ्या रेषेच्या कडेवर तीच ५५ टक्क्यांच्या वर जाते, म्हणजे नाणेफेकीपेक्षाही वाईट. हा हिशेबही जुन्या पावसाच्या नोंदींवर बेतलेला. पावसाचा जोर वाढत असेल तर आकडे आणखी चढतील.

तिसरा मजला घेतला की सुटका, असेही नाही. पाणी जिन्यात असताना वीज, पंप, लिफ्ट सगळे बंद. फ्रीजमधले इन्सुलिन खराब होण्याची भीती, डायलिसिसचा दिवस चुकतो. पूर ओसरल्यावर चिखल उपसताना पायाच्या भेगांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरतात. ताप बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांनी येतो आणि तोवर पुराचा संबंध कोणाच्या लक्षातही राहत नाही. अशा तापात डॉक्टरांना ‘पुराच्या पाण्यात होतो’ हे आवर्जून सांगावे. सत्तरीतल्या जोडप्यासाठी घराचा हा भाग स्वयंपाकघराच्या टाइल्सपेक्षा कितीतरी महत्त्वाचा.

मग वर पोलादपूरकडे, डोंगराच्या कुशीत जागा घ्यावी काय? उंची म्हणजे सुरक्षितता नव्हे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर आला आणि ८० हून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी कोसळल्या. २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. कातळावरचा झिजलेला मातीचा थर पाण्याने जड होतो, त्याची पकड सुटते. बंगल्यांच्या प्लॉटसाठी किंवा रस्त्यासाठी उताराचा पायथा पोखरला की उरलासुरला आधारही जातो. जमिनीला पडलेल्या भेगा, कललेली झाडे, अचानक गढूळ झालेला झरा या खुणा गावातल्या जुन्या माणसांना ओळखता येतात. प्लॉटच्या रंगीत जाहिरातीत त्या कधीच नसतात. तिथे ‘निसर्गरम्य दृश्य’ असते, आणि ते बहुतेकदा त्याच उताराचे असते.

ही चौकशी एकट्या ग्राहकावर सोडणे अन्यायाचे आहे. गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत क्षेत्रफळाशेजारी पूररेषेपासूनचे अंतर आणि दरडप्रवणतेची नोंद छापणे सक्तीचे असावे. २००५ आणि २०२१ च्या पाण्याची पातळी महाडच्या प्रत्येक सार्वजनिक इमारतीवर रंगाने दाखवायला नगरपालिकेला फारसा खर्च येणार नाही. तोवर घर बघायला मे महिन्यात न जाता जुलैच्या मुसळधार पावसात जावे, आणि दलालाऐवजी शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारावे, की २०२१ साली त्याने माल कोणत्या फळीवर चढवला होता.