घरचं इंटरनेट : वेगाचा आकडा आणि खंड न पडण्याची किंमत



जून उजाडला की आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो : "कुणाचं नेट चांगलं?" शाळा-कॉलेजं सुरू झालेली असतात, कुणी नव्या घरात राहायला गेलेलं असतं, कुणाचा मुलगा बेंगळुरूहून लॅपटॉप घेऊन घरी परतलेला असतो. उत्तरं दहा येतात आणि दहाही वेगळी. म्हणून यावेळी सदरात हाच हिशेब मांडतो.

हुबळी-धारवाडच्या माणसाला ही गोष्ट समजायला सोपी आहे, कारण पाण्याचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेव्हा पाइप किती इंची आहे हे कुणी विचारत नव्हतं. पाणी कधी येणार, एवढंच विचारायचे. 2008 मध्ये आपल्याकडच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं. तिथल्या नातेवाइकांचा आपल्याला हेवा वाटला, तो धारेच्या जोराचा नव्हे. पाणी कायम असण्याचा. इंटरनेटच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापतात तो आकडा म्हणजे पाइपाची जाडी. पाणी रोज येणार का, हे त्या जाहिरातीत नसतं.

आधी आकडे पाहू. 2020 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तिन्ही मोठ्या कंपन्यांनी आपले फायबरचे दर नव्याने मांडले आणि पायऱ्या ठरून गेल्या. जिओचा 399 रुपयांना 30 एमबीपीएस, 699 ला 100 आणि 999 ला 150. एअरटेलचा 499 ला 40, 799 ला 100 आणि 999 ला 200. बीएसएनएलचा 449 ला 30, 799 ला 100 आणि 999 ला 200. दर आणि सवलती बदलत असतात, त्यामुळे घेताना ताजे आकडे बघाच. आणि हे सगळे दर कराच्या आधीचे. त्यावर 18 टक्के जीएसटी चढतो, म्हणजे 399 चे हातात 471 होतात आणि 999 चे 1179.

आता घराची गरज मोजू. टीव्हीवर एचडी सिनेमा बघायला नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार 5 एमबीपीएस पुरतात, फोर-के असेल तर 15. व्हिडिओ मीटिंगला तीन-चार. समजा संध्याकाळी सूनबाई मीटिंगमध्ये आहेत, आजी मालिका बघताहेत, नातू क्लासला बसलाय आणि बाबा फोनवर बातम्या चाळताहेत. सगळं मिळून वीसच्या आत बसतं. मग 100 घेऊन मिळतं काय? मोठ्या फाइली लवकर उतरतात. 1 जीबीची फाइल 30 च्या जोडणीवर साडेचार मिनिटं घेते, 100 च्या जोडणीवर 80 सेकंद. रोज अशा फाइली उतरवणारा कुणी घरात असेल, किंवा दोन टीव्ही फोर-के चालत असतील, तर 100 जरूर घ्या. नसेल तर 399 आणि 699 मधला फरक करासकट वर्षाला 4248 रुपये होतो, तो वाचवा.

"अनलिमिटेड"लाही मर्यादा असते. या योजनांत ती महिन्याला साधारण 3300 जीबी धरलेली आहे, म्हणजे रोज 110 जीबी. एचडी सिनेमा तासाला 3 जीबीच्या आसपास खातो. टीव्ही दिवसाचे चोवीस तास चालू ठेवला तरी मर्यादा संपत नाही. तेव्हा त्याची काळजी सोडा.

काळजी करायची ती खंड पडण्याची. माझा भाचा माळमड्डीत आईजवळ राहतो आणि बेंगळुरूच्या एका कंपनीचं काम घरून करतो. अक्काचे गुडघे गेलेत, म्हणून तो परत आला. घेतली होती 999 ची जोडणी. वेग उत्तम. पण आषाढात फांदी पडून वायर तुटली, पुढे रस्ता खणताना तुटली, मग आणखी एकदा. दर वेळी फोनवर "नाळे बर्तीन री" आणि तो "नाळे" चौथ्या दिवशी उगवायचा. तिसऱ्या खेपेला साहेबांनी स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर इथे येऊन काम करा. म्हणजे बेंगळुरूचं भाडं, आणि अक्का घरात एकट्या. त्याने मग साधा हिशेब केला. एक मोठी जोडणी काढून वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन छोट्या घेतल्या, 399 आणि 449 च्या. दोन्ही मिळून 848, करासकट हजार रुपये. आधीपेक्षा पावणेदोनशे कमी. एक बंद पडली तर दुसरी चालू. मात्र त्याने आधी गल्लीत उभं राहून दोन्ही वायरी कुठल्या खांबांवरून येतात ते पाहिलं. एकाच खांबावरच्या दोन वायरी एकाच फांदीने तुटतात. ज्यांची नोकरी अशी नेटवर टांगलेली नाही, त्यांना अडीअडचणीला मोबाइलचं हॉटस्पॉट पुरेल.

दुसरा खंड विजेचा. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. लाइट गेला की राउटर झोपला. राउटरपुरता छोटा यूपीएस दोन हजारांच्या आत मिळतो आणि दोन-तीन तास काढतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना हेही सांगून ठेवा की फायबरसोबत मिळणारा फोन जुन्या लँडलाइनसारखा नाही. तांब्याच्या तारेला एक्स्चेंजमधूनच वीज यायची, त्यामुळे अंधारातही डायल टोन असायचा. हा फोन राउटरबरोबर बंद होतो. रात्री डॉक्टरांना फोन करायचा झाला तर मोबाइल चार्ज केलेला हवा.

आपली जुनी दगडी घरं असतील तर राउटर कोपऱ्यातल्या खोलीत लावू नका. 5 गिगाहर्ट्‌झचा सिग्नल वेगवान असतो, पण जाड भिंतीपलीकडे तो फारसा जात नाही. 2.4 चा हळू, पण लांब पोचतो. राउटर मधल्या खोलीत, उंचावर असावा. वायर लावणारा दाराजवळच ठोकून मोकळा होऊ बघतो. तिथे आपण अडून बसायचं.

नव्या लेआउटमध्ये वायर पोचलेली नसेल तर गच्चीवर डबा बसवून 5जी वरून नेट देणारी सेवा आहे. जिओने ती 2023 च्या सप्टेंबरात बेंगळुरूसह आठ शहरांत सुरू केली, 599 ला 30 एमबीपीएसपासून. खांबांचा प्रश्न मिटतो, पण तोच 30 चा वेग महाग पडतो, शिवाय डेटाची मर्यादा 1000 जीबी. फायबर येईपर्यंत ठीक.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. कंपनीचं नाव एक असलं तरी सप्तापूरला वायर जोडणारा माणूस वेगळा आणि केश्वापूरला वेगळा. बीएसएनएलचं फायबर तर बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदारच घरी आणून देतो. म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरून सवलत घेण्याआधी आपल्याच गल्लीतल्या तीन घरी जा आणि विचारा : रात्री आठ-नऊला नेट कसं चालतं? मागच्या पावसाळ्यात किती वेळा बंद पडलं? तक्रार केल्यावर माणूस किती दिवसांनी आला? तिघांची उत्तरं समाधानाची असतील तर वर्षाचं भरा. नाहीतर आधी महिना-महिना भरा आणि एक पावसाळा जाऊ द्या. राउटर कंपनीचा की आपला, आणि बंद करताना अनामत परत मिळते का, हेही त्याच दिवशी लिहून घ्या.

आपापल्या गल्लीचा अनुभव ग्रुपवर टाकताना कंपनीच्या नावासोबत भागाचं नावही लिहा. नुसतं "अमुकचं चांगलं" एवढं वाचून नवनगरच्या माणसाला काही कळत नाही.